बाँडची मुदत संपायच्या आत नोकरी सोडताय? ‘काही होत नाही’ असं पोरांना सांगू नका

हिशेबनीस
काल फिरलेली पोस्ट: “नोकरीचा बाँड कोर्टात टिकत नाही. राजीनाम्याचा मेल टाका, लॅपटॉप जमा करा, निघा.” असलं वाचून पोरं खरंच निघतात, म्हणून लिहितोय. मालक तुम्हाला बळजबरीने कामावर बसवू शकत नाही, एवढंच त्यात खरं आहे. पैसे मात्र मागू शकतो. विजया बँकेच्या खटल्यात तीन वर्षं नोकरी, नाहीतर दोन लाख रुपये अशी अट होती. अधिकारी २००७ च्या सप्टेंबरात रुजू झाला, २००९ च्या जुलैत दुसऱ्या बँकेसाठी राजीनामा दिला, पैसे भरले आणि मग भांडला. उच्च न्यायालयात जिंकला, पण १४ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने बँकेची बाजू उचलून धरली. ऊठसूट करार कायद्याचं कलम २७ (धंदा-नोकरीला अटकाव करणारा करार रद्द) पुढे करणाऱ्यांनी एक फरक ध्यानात घ्यावा. कराराची मुदत चालू असतानाचं बंधन वेगळं, नोकरी संपल्यावर स्पर्धकाकडे जाऊ नको हे बंधन वेगळं. सेंच्युरी स्पिनिंग कंपनीच्या कल्याणच्या कारखान्यातल्या पाच वर्षांच्या करारावरून झालेल्या गोलिकरी खटल्यात, १९६७ मध्येच सर्वोच्च न्यायालयाचं हे सांगून झालंय.

शिफ्ट इनचार्ज
अर्धाच निकाल सांगताय. विजया बँक सरकारी होती. जाहिरात देऊन खुली भरती पुन्हा करण्याचा खर्च आणि वेळ, हे कारण निकालात आहे. शिवाय माणूस वरिष्ठ पदावर, पगार चांगला, म्हणून दोन लाख अवाजवी ठरले नाहीत. हिंजवडीतल्या पंचवीस हजारांच्या फ्रेशरला दोन आठवडे स्लाइड दाखवायच्या आणि तीन लाखांचा बाँड लिहून घ्यायचा, याला तो निकाल कसा लावता? करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करारातला आकडा ही फक्त कमाल मर्यादा, मिळते ती वाजवी भरपाई. ट्रेनरचं बिल, बाहेरच्या संस्थेची फी, काहीतरी दाखवा की!

हिशेबनीस
आकडा खाली येऊ शकतो, हे मान्य. पण ‘टिकत नाही’ म्हणजे ते नव्हे. दावा लागला की तारखांना तुम्हालाच जावं लागतं.

वसुलीखातं
आकड्यावर काय भांडताय? खरी मेख बाँडसोबत सही करून दिलेल्या कोऱ्या चेकमध्ये आहे. कंपनी तारीख आणि रक्कम भरते, बँकेत टाकते, चेक परत येतो. परत आल्याचं कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस, पैसे भरायला पंधरा दिवस, त्यानंतर महिनाभरात तक्रार. हे चेक न वटण्याचं कलम १३८, म्हणजे फौजदारी.

शिफ्ट इनचार्ज
मग बँकेला स्टॉप पेमेंट सांगायचं. प्रश्न मिटला.

वसुलीखातं
कृपा करून हा सल्ला कुणाला देऊ नका! स्टॉप पेमेंट केलं तरी १३८ लागू होऊ शकतं, खातं बंद केलं तरी होऊ शकतं. आणि कोरा चेक स्वखुशीने दिला असेल तर देणं होतं असंच कोर्ट आधी गृहीत धरतं (सर्वोच्च न्यायालयाचा बीर सिंग निकाल, २०१९). ते खोडून काढायचं ओझं सही करणाऱ्यावर. वेळ हातची जाते ती नोटीस आल्यावर गप्प बसल्याने. पंधरा दिवसांच्या आत लेखी उत्तर द्या: चेक बाँडसाठी तारण होता, प्रशिक्षणाचा खर्च दाखवलेला नाही, देणं नाकबूल. आणि मुळात देतानाच चेक क्रमांक आणि ‘तारण’ हा शब्द करारात लिहून घ्या, रकमेची जागा कोरी ठेवू नका.

शिफ्ट इनचार्ज
नोकरीच्या पहिल्या दिवशी एचआरसमोर बसलेला पोरगा हे लिहून घेणार? कुठल्या जगात राहता? चेक आणि मूळ मार्कशीट ठेवून घेणाऱ्यांना दोन शब्द सुनवा आधी!

वसुलीखातं
मार्कशीटबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. पडताळणीला मूळ प्रत दाखवावी, द्यावी ती झेरॉक्स. आधीच दिली असेल तर राजीनाम्याच्या आधी ईमेलवर परत मागा, म्हणजे मागितल्याचा पुरावा राहतो.

पगारपत्रक
चेकच्या नादात शेवटचा हिशेब राहिला. वेतन संहितेच्या कलम १७ नुसार राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत पगार चुकता करायचा असतो. कलम १८ मध्ये कपातीची यादी आहे. गैरहजेरी त्यात आहे, बाँडची भरपाई नाही. पीएफला तर हात लावता येत नाही. कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती स्वतः पीएफच्या यूएएन पोर्टलवर भरता येते.
पण मुदतीच्या नेमणुकीवर असाल तर ग्रॅच्युइटीचं बघा. पाच वर्षांच्या अटीतून सूट आहे ती मुदत संपल्यावर. तीन वर्षांच्या करारातून दोन वर्षं दहा महिन्यांनी बाहेर पडलात तर ती रक्कम अडकू शकते.

शिफ्ट इनचार्ज
स्टॉप पेमेंटचं मागे घेतो. बाकी माझं म्हणणं तेच: खर्चाचा कागद नसेल तर तीन लाखांतला एक रुपयाही आपणहून भरू नये.

हिशेबनीस
मग तो कागद राजीनाम्याच्या मेलमध्येच मागा. निघून गेल्यावर नव्हे.