टीव्ही गेमचं पोट रिकामं करून त्यात रास्पबेरी पाय बसवू का?

सिडकोचा_बॉम्बर

मामांचं नाशिक रोडचं घर आवरताना माळ्यावर आमचा जुना टीव्ही गेम सापडला. नव्वदीत मेन रोडला मिळायचे त्यांतलाच एक. दोन रिमोट, एक बंदूक आणि '९९९९९९९ इन १' लिहिलेली पिवळी कॅसेट. खेळ मोजून दहा-बारा, बाकी तेच ते, नुसती नावं बदललेली. चौथीच्या परीक्षेनंतर मामांनी घेऊन दिला होता. खोका तेव्हा पांढरा होता, आता जुन्या स्विचबोर्डासारखा पिवळा पडलाय.

जोडून बघितला. टीव्हीवर राखाडी पडदा आणि आवाज नुसता घर्रर्र. कॅसेट फुंकून झाली, तिरकी लावून झाली, खाली कागदाची घडी सारून झाली. ढिम्म. शेवटी स्क्रू काढले, तर आत तळहाताएवढा बोर्ड आणि त्यावर डांबराचा पडावा तसा एक काळा थेंब. एवढ्याशा थेंबासाठी आम्ही भावंडं एकमेकांचे केस उपटत होतो!

ड्रॉवरमध्ये एक रास्पबेरी पाय ३ (एका छोट्या बोर्डावरचा अख्खा संगणक) पडून आहे. त्यावर रेट्रोपाय (जुने खेळ चालवायचं सॉफ्टवेअर) टाकून चालवूनही बघितलं, छान चालतं. तेव्हा विचार असा, की जुना बोर्ड काढायचा, तिथे पाय बसवायचा, मागून एचडीएमआय काढायची आणि रिमोट जुनेच जोडायचे. मेव्हण्याला सांगितलं तर म्हणतो, हे आजीच्या पितळी डब्यात मॅगी भरून ठेवण्यातलं आहे.

करू की नको? कारणासकट सांगा.

सोल्डर_काका

नको.

कारणासकट म्हणालास म्हणून सांगतो. तू अजून तपासलंच नाहीस, डायरेक्ट पोस्टमॉर्टेमला निघालास. राखाडी पडदा येतोय म्हणजे चित्र बनवणारा भाग जिवंत आहे, त्याला कॅसेट वाचता येत नाहीये. दहातल्या आठ वेळा दोष कॅसेटच्या खाचेत असतो. साठ पिना आहेत, तीस वर्षांची धूळ आणि तुमच्या फुंकांमधली थुंकी. फुंकून पिना गंजतात, साफ होत नाहीत. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घे. कॅसेटच्या पट्ट्यांवर खोडरबर फिरव, हलक्या हाताने.

घर्रर्र म्हणजे बहुतेक पॉवरचा कपॅसिटर वाळला. तीन पायांचा ७८०५ (व्होल्टेज ५वर स्थिर ठेवणारा भाग) दिसेल, अक्षरं तुझ्याकडे करून धर, उजव्या पायावर ५ व्होल्ट आले पाहिजेत. मीटर नसेल तर माझ्याकडे घेऊन ये. सगळा खर्च दोघांच्या मिसळीत बसेल. एवढं करून थेंबच गेलेला निघाला, तर मग खुशाल काप. थेंबाच्या आत माझासुद्धा हात पोचत नाही.

पायवाला

काका, तुमच्या हाताला सलाम, पण मुद्द्याला विरोध.

जपायचं म्हणजे नक्की काय जपायचं? हा खोका मुळात नकली. जपानमध्ये १९८३ला निन्टेन्डोचा फॅमिकॉम आला, त्याची ही फुकटात उचललेली नक्कल. सगळी चिप त्या एका काळ्या थेंबात कोंबून स्वस्तात विकलेली. अस्सल फॅमिकॉम कोणी कापला तर मीही ओरडेन. पण नकलेचं सोवळं कसलं पाळायचं?

दुसरं म्हणजे मूळ मालकांनीच हे करून झालंय. निन्टेन्डोने २०१६ला छोटा एनईएस (फॅमिकॉमचं जपानबाहेरचं नाव) परत काढला, ३० खेळांचा. आत लिनक्सवर चालणारा एमुलेटर (जुन्या मशीनची सॉफ्टवेअरमधली नक्कल), बाहेर जुन्या खोक्याचं पिल्लू. सोनीने २०१८ला प्लेस्टेशन क्लासिक काढलं, त्यात तर स्वतःचा एमुलेटरही लिहिला नाही, लोकांनी फुकट लिहिलेला पीसीएसएक्स घातला. कंपन्यांनी केलं की परंपरा, सिडकोतल्या पोराने केलं की पाप?

एकवीस_इंची

दोघेही खोक्यावरून भांडताय. माझ्या मते भांडण टीव्हीवरून व्हायला हवं.

बॉम्बर, तुझ्याकडे बंदूक आहे ना? ती पायला कशीही जोड, एलईडी टीव्हीवर बदक मरणार नाही. घोडा दाबला की डक हंट हा बदकं मारायचा खेळ क्षणभर पडदा काळा करतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो, आणि नळीतला सेन्सर तो उजेड दिसतोय का ते बघतो. जुन्या काचेच्या टीव्हीवर ती चमक जागच्या जागी आणि त्याच क्षणी उमटते. नवा टीव्ही चित्र आधी स्वतःशी घोळवतो, मग दाखवतो. तोवर खेळाने 'चुकला' म्हणून कुत्रा हसवलेला असतो.

उडी मारतानाही तेच. बटण दाबलं आणि मारिओ उडाला यात जे जाणवेल न जाणवेल असं अंतर पडतं, त्याने खड्डे चुकतात. माझ्याकडे अजून २१ इंची काचेचा टीव्ही आहे. घरचे रोज म्हणतात भंगारात दे. देत नाही.

पायवाला

ताई, बंदुकीचं शंभर टक्के मान्य. उडीचं मात्र अर्धंच मान्य. टीव्हीचा गेम मोड लावा, रेट्रोआर्चमध्ये (रेट्रोपायमध्ये एमुलेटर चालवतो तो प्रोग्रॅम) रन-अहेड नावाची सोय आहे ती चालू करा, बरंच अंतर भरून निघतं. एनईएससारख्या हलक्या खेळांना पाय ३ला झेपतं. आणि चित्र ४:३ ठेवा हो, ताणून जाडा मारिओ बघवत नाही.

कलम_५२

रसभंग करतो. एमुलेटर बनवणं-वापरणं याला अडचण नाही, अमेरिकेत सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात २००० साली निकाल एमुलेटरवाल्यांच्याच बाजूने लागला. अडचण रॉमची, म्हणजे कॅसेटमधल्या खेळाच्या फाइलची. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२(१)(कक) खाली प्रोग्रॅमची प्रत कायदेशीररीत्या ज्याच्याकडे आहे त्याला हरवण्या-बिघडण्यापासून बचाव म्हणून बॅकअप काढता येतो. 'कायदेशीररीत्या' हा शब्द परत वाचा. नेटवरून तीन हजार खेळांचं झिप उतरवणं त्यात बसत नाही.

पायवाला

आणि '९९९९९९९ इन १'ची पिवळी कॅसेट बसते का वकीलसाहेब?

कलम_५२

तीही नाही. तुमचं सगळ्यांचं बालपणच बेकायदेशीर होतं. माझं धरून.

इंदिरानगरचा_ओहम

करणारच असशील तर माझ्यासारखं करू नकोस. जुन्या रिमोटमधलं सर्किट म्हणजे ४०२१ जातीचं शिफ्ट रजिस्टर (कुठली बटणं दाबलीत ते एकामागोमाग एक कळवणारी चिप). पाच वायरी: पॉवर, ग्राउंड, लॅच, क्लॉक, डेटा. जुन्या गेममध्ये त्याला ५ व्होल्ट मिळायचे, म्हणून मीही पायच्या ५ व्होल्टच्या पिनला जोडलं. डेटाची वायर तेच ५ व्होल्ट घेऊन पायच्या जीपीआयओत (बाहेरच्या वायरी जोडायच्या पिनांत) शिरली आणि ती पिन कायमची गेली. पायच्या या पिना ३.३च्या वर सहन करत नाहीत. ४०२१ ३.३वरही मजेत चालतं, तेवढेच दे.

आणि मेन स्विच थेट पायच्या पॉवरवर लावू नकोस. जुना गेम खाटकन बंद करायची सवय असते आपल्याला. पायचं मेमरी कार्ड लिहिता लिहिता वीज गेली तर कार्ड बिघडतं. आमच्याकडे पावसाळ्यात दर दोन दिवसांनी लाइट जाते, दोन कार्डं गेल्यावर अक्कल आली.

सिडकोचा_बॉम्बर

ताजी खबर. काकांकडे जाऊन आलो.

७८०५वर ५ व्होल्ट बरोबर निघाले. मोठा कपॅसिटर डोक्यावर फुगला होता, काकांनी बोलता बोलता बदलला. खाच घासायला अर्धा तास गेला. ब्रशवर हिरवा राप आला, पितळेच्या भांड्याला येतो तसा. कॅसेट लावली, खटका ओढला. मेनू आला! तोच निळा मेनू, ती चुकीची स्पेलिंगं, सगळं.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. पायवर मारिओ लावला होता तेव्हा गाणं घाईघाईचं वाटलं होतं. म्हटलं, आपली आठवण चुकली, वय झालं. इथे काकांच्या टेबलावर तेच गाणं सुरू झालं आणि मी गप्पच बसलो. हे हळू होतं. माझ्या डोक्यात तीस वर्षं वाजतंय तेवढंच हळू. काका, पायवाले, कोणीतरी सांगा, मला भास होतोय का?

सोल्डर_काका

भास नाही. मीही ऐकलं. म्हणून म्हणत होतो, मूळ ते मूळ.

पायवाला

भास नाही, आणि काका, 'मूळ ते मूळ'ही नाही. झालंय उलटंच.

खेळ लिहिले गेले जपान-अमेरिकेच्या टीव्हीसाठी, सेकंदाला ६० चित्रं. आपल्याकडे पाल पद्धत, सेकंदाला ५०. खेळ आपलं गाणं चित्रांच्या ठोक्यावर पुढे सरकवतो. ठोकेच ५० पडले की सगळं सहाव्या हिश्श्याने मंदावतं, मारिओची चालसुद्धा. स्वर मात्र चिपच्या घड्याळावरून निघतात आणि आपल्या नकली गेमांमध्ये ते घड्याळ जवळपास मूळच्याच वेगाचं ठेवलेलं असायचं. म्हणजे पट्टी तीच, लय विलंबित. एमुलेटर तुला जे ऐकवत होता ते अस्सल. तुझ्या मनात बसलंय ते नकलेचं गाणं.

तेही मिळेल. खेळ चालू असताना कोअर ऑप्शन्समध्ये जा, एफसीईयूएमएम या एनईएसच्या एमुलेटरमध्ये रीजनला 'डेंडी' निवड. डेंडी म्हणजे रशियात १९९२ला आलेला आपल्यासारखाच नकली गेम, त्याचीही हीच तऱ्हा. टीव्हीलाही ५० हर्ट्झवर ने, नाहीतर पडदा सरकताना गचके बसतील.

सोल्डर_काका

म्हणजे अस्सलाची नक्कल, त्या नकलेची आता संगणकात नक्कल, आणि ती परत पहिल्या नकलेच्या खोक्यात. बाळा, तुला स्वतःला तरी लक्षात राहतंय का कुठे आहेस ते?

पायवाला

काका, ऐकायला गाणं तेच येतं ना? झालं तर.

सोल्डर_काका

नाही झालं. माझ्या टेबलावर पोराचा चेहरा बघितलास का तू? तो डेंडी दाबून झाला नव्हता. चालणारी वस्तू आहे. कपॅसिटर आहे म्हणून आज चालली, उद्या परत बिघडेल, परत दुरुस्त होईल. तुझ्या पायचं काय? कार्ड उडालं की पाच वर्षांनी तेच सॉफ्टवेअर शोधत बसणार.

एकवीस_इंची

काकांना +१. आणि बॉम्बर, आता चालतोय म्हटल्यावर प्रश्नच बदलला ना? मेलेला खोका वापरणं वेगळं, जिवंत बोर्ड काढणं वेगळं.

सिडकोचा_बॉम्बर

डेंडी करून बघितलं. डोळे मिटले तर फरक कळत नाही. उघडले तर कळतो, कारण टीव्ही ५५ इंची आहे.

मुलाला (वय ८) दोन्हीवर बसवलं. मामांच्या गेमवर तिसऱ्यांदा मेल्यावर विचारतो, 'पप्पा, सेव्ह कुठून करायचं?' सेव्ह नाही म्हटल्यावर त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी सांगितलं की आमच्या लहानपणी नळाला पाणी नव्हतं. पायवर मात्र तासभर बसला. कॉन्ट्राला वर वर खाली खाली करून तीस जीव कसे मिळतात ते शिकवलं, तेव्हा पहिल्यांदा त्याला बापाचा अभिमान वाटला.

म्हणजे मला दोन्ही हवेत. आता खरी गंमत. काल बोर्ड परत बसवायला खोका उघडला, तर बोर्डाच्या बाजूला एक लोखंडी पट्टी स्क्रूने घट्ट बसवलेली. कशाला जोडलेली नाही. वायर नाही, काही नाही.

सोल्डर_काका

वजन. पोकळ खोका हातात हलका लागला तर गिऱ्हाईक घेत नसे.

सिडकोचा_बॉम्बर

तेच! वजनासाठी लोखंड! आणि ती पट्टी काढली की उरणारी जागा मोजली. पाय ३ असतो ८५ बाय ५६ मिलिमीटर. बसतो. जुना बोर्ड जागेवर, पाय त्याच्या शेजारी, दोघांची पॉवर वेगळी. रिमोटच्या वायरी इकडून तिकडे फिरवायला एक स्विच. कापाकापी शून्य.

पायवाला

अरे पण मग दोन गेम एका खोक्यात घालून साधलं काय? पाय बाहेर टीव्हीमागे चिकटव की.

इंदिरानगरचा_ओहम

उष्णतेचं बघ. पाय ३ हा ८० अंशांच्या पुढे स्वतःच वेग कमी करतो. बंद प्लास्टिकमध्ये, एप्रिलमध्ये, सिडकोत वरच्या मजल्यावर. हीटसिंक तरी लाव.

सोल्डर_काका

पट्टी फेकू नकोस. पाकिटात घालून वर नाव लिहून ठेव.

एचडीएमआय कुठून काढणार? मागे भोक पाडणार असशील तर आत्ताच सांग, मी या धाग्यातून उठतो.

सिडकोचा_बॉम्बर

भोक नाही काका. बंदुकीचं सॉकेट मोकळंच आहे, एलईडीवर तिचा तसाही उपयोग नाही. ते काढून तिथून वायर काढतो.

एकवीस_इंची

सॉकेटला हात लावायचा नाही! मी टीव्ही देते म्हणजे उसना देते. रविवारी बंदूक घेऊन ये, आधी बदकं मारू, मग ठरव वायर कुठून काढायची ते.