उत्तर : चार सेकंदांनी हुकलेली टूर

वर कोणीतरी म्हटलंय की २०२४ ची महिलांची टूर द फ्रान्स ही अनेक टप्प्यांची सायकल शर्यत डेमी व्होलरिंग फक्त नशिबामुळे हरली. अर्धंच पटतं. पाचव्या टप्प्यात आमनेव्हिलजवळ शेवटच्या सहाएक किलोमीटरांत ती पिवळ्या जर्सीत (म्हणजे एकूण वेळेत आघाडीवर असताना) पडली आणि पावणेदोन मिनिटं गमावली. त्याच दिवशी टप्पा जिंकला तिच्याच एसडी वर्क्स संघाच्या ब्लांका वासनं! कॅप्टन मागे रक्तबंबाळ आणि संघाचं बळ पुढे. शेवटच्या दिवशी व्होलरिंगनं आल्प द्युएझच्या घाटावरचा टप्पा जिंकूनही प्रतिस्पर्धी संघाची काशिया नेवियाडोमा एकूण वेळेत ४ सेकंदांनी पुढे राहिली. तो वास यांचा दिवस मला अजून बोचतो.

पण याच संघाचं २०२३ आठवा. आम्स्टेल, फ्लेश वॉलोन, लीएज, या तिन्ही एकदिवसीय शर्यती व्होलरिंगच्या. तशीच फ्लँडर्स तिच्याच संघातल्या लोटे कोपेकीची. टूरमध्ये कोपेकीनं सहा दिवस पिवळी जर्सी सांभाळली, मग तुर्मालेच्या घाटात व्होलरिंगनं घेतली, आणि शेवटी पहिली-दुसरी या दोघीच. स्ट्राडे बियांके या एकदिवसीय शर्यतीत तर दोघी एकमेकींविरुद्धच स्प्रिंट मारत होत्या. एका घरात दोन राण्या, भांडी वाजणारच. पुढे २०२५ ला व्होलरिंग एफडीजे-स्वेझ संघाकडे गेली, आणि एसडी वर्क्सचा भार मुख्यतः लोरेना वीबेसच्या स्प्रिंटवर आला. तिनं त्या वर्षी महिलांची मिलान-सान रेमो ही एकदिवसीय शर्यतही जिंकली.