मदत हवी आहे: ६ वर्षांच्या मुलीला इंटरनेट कसं समजावू?

काल लेकीने विचारलं, "बाबा, व्हिडिओ फोनमधे येतो कुठून?" मी ठोकून दिलं आकाशातून, सॅटेलाइटवरून, आणि नंतर वाचलं तर देशादेशांमधलं जवळजवळ सगळं इंटरनेट समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमधून जातं, म्हणजे चुकीचंच शिकवलं की! सर्व्हर म्हणजे लांबचा मोठा कॉम्प्युटर, आयपी अ‍ॅड्रेस म्हणजे पत्ता, इथपर्यंत जमलं. अडलंय पॅकेटपाशी, म्हणजे माहिती छोट्या छोट्या तुकड्यांत पाठवतात ना, त्यापाशी. चित्राचे तुकडे करून, नंबर टाकून वेगवेगळ्या वाटेने पाठवायचे आणि पलीकडे परत जोडायचे असा खेळ सुचलाय, पण हरवलेला तुकडा पुन्हा मागवतात ते कसं दाखवू? आणि वायफाय म्हणजेच इंटरनेट नव्हे हे तर तिच्या आजीलाही पटत नाहीये 😅 कोणी घरी असं काही करून पाहिलंय का?