दूरशिक्षणातून पदवी घेताना प्रत्यक्षात काय वाट्याला येते?

प्रश्न: नोकरी सांभाळून दूरशिक्षण विद्यापीठातून पदवी घेण्याचा माझा विचार आहे. रोजचे वर्ग नसताना अभ्यास मार्गी लागतो का, आणि अशा पदवीला मान असतो का?

उत्तर १: मानाविषयी शंका बाळगू नये. लंडन विद्यापीठाने १८५८ मध्येच बाहेरून परीक्षा देण्याची वाट खुली केली, आणि १९६९ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने तर पदवी अभ्यासक्रमांसाठी पूर्वशिक्षणाची अटच ठेवली नाही. मात्र विद्यापीठाला मान्यता असली, तरी आपण निवडलेल्या अभ्यासक्रमाला ती आहे की नाही, हे प्रवेशापूर्वी स्वतः तपासावे.

उत्तर २: खरी कसोटी एकटेपणाची असते. शंका रात्री उशिरा येते आणि विचारायला समोर कोणी नसते. म्हणून मी पुस्तकाच्या समासात प्रश्न लिहून ठेवते आणि संपर्कसत्रात, म्हणजे शिक्षकांशी अधूनमधून होणाऱ्या वर्गात, ते एकेक करून विचारते. स्वाध्याय मात्र मनापासून लिहा, कारण बहुतेक ठिकाणी त्यांचे गुण अंतिम निकालात धरले जातात आणि तपासनीसाचे शेरे हेच पुष्कळदा आपल्याला मिळणारे खरे मार्गदर्शन असते.

उत्तर ३: विषय प्रयोगशाळेचा असेल, तर प्रात्यक्षिकांसाठी रजा मिळेल का, हे कार्यालयात आधीच विचारून घ्या.