प्रोसेसच्या गटावरून पॅकेटचा रस्ता ठरवावा का?

सुकीकाठ
रावेरजवळच्या एका केळी खरेदीदार पेढीचा लिनक्स सर्व्हर मी सांभाळतो. इंटरनेटच्या दोन जोडण्या आहेत, एक फायबरची आणि एक स्थानिक केबलवाल्याची स्वस्त जोडणी. रात्रीचा बॅकअप पहाटे गाड्यांच्या पावत्या सुरू होईपर्यंत लांबला की फायबर तुंबते, म्हणून तेवढा बॅकअप केबलने पाठवायचे ठरवले. आता बॅकअप ही काही एकच प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) नसते, तिच्या पोटातून टार, एसएसएच अशी पिलावळ निघते. प्रोसेस ग्रुप मुळात सिग्नल पोचवण्यासाठी असतो आणि सेटसिड (नवे सत्र सुरू करणारी हाक) म्हटले की पोर त्यातून निघून जाते, म्हणून मी सीग्रुप, म्हणजे प्रोसेसचे गट करण्याची लिनक्सच्या गाभ्याची (कर्नलची) सोय, घेतला, कारण फोर्क झालेले, म्हणजे प्रोसेसने जन्माला घातलेले, मूल आपोआप त्याच गटात राहते. त्या गटाच्या पॅकेटांना आयपीटेबल्स या फायरवॉलच्या आउटपुट साखळीत (बाहेर जाणाऱ्या पॅकेटांच्या नियमांत) मार्क, म्हणजे ओळखीचा आकडा, लावला आणि आयपी रूलने त्या मार्कला वेगळा रूटिंग टेबल (रस्त्यांची यादी) दिला.

पॅकेटे पाहणारे टीसीपीडम्प लावल्यावर दिसले ते असे, की पॅकेट केबलच्या कार्डातून बाहेर पडत होते, पण पाठवणाऱ्याचा पत्ता फायबरचाच, १९२.१६८.१.१०. कनेक्टच्या वेळीच कर्नल रस्ता पाहून पत्ता ठरवते. मार्क त्यानंतर लागतो, रस्ता बदलतो, पत्ता तसाच राहतो. मास्करेड (बाहेर पडताना उगमाचा पत्ता बदलणारा नियम) लावले, तर परतीची पॅकेटे आरपी_फिल्टरने (उलटा रस्ता त्याच कार्डातून जातो का हे पाहणाऱ्या तपासणीने) टाकून दिली. एवढी ठिगळे लावण्यापेक्षा बॅकअपला स्वतंत्र नेटवर्क नेमस्पेस (स्वतःची कार्डे आणि रस्ते असलेला वेगळा कप्पा) द्यावी आणि गट व रस्ता यांची गाठ मारूच नये, असे माझे मत झाले आहे.

पांझरा
भाऊ, हे मत मला पटत नाही. केबलचे कार्ड तुम्ही नेमस्पेसमध्ये टाकले की मूळ यंत्रणेला ते दिसतच नाही. आपल्याकडे वीज गेली की फायबरचा रस्त्यावरचा डबा आधी बंद पडतो. त्या वेळी पेढीने पावत्या कशावरून पाठवायच्या? शिवाय नेमस्पेसचा लूपबॅक (यंत्राची स्वतःशीच बोलण्याची वाट) वेगळा असतो, तेव्हा १२७.०.०.१ वर ऐकणारा तुमचा डेटाबेस बॅकअपला सापडणार नाही.

सुकीकाठ
डेटाबेसचे उत्तर आहे, फाइलच्या वाटेचा युनिक्स सॉकेट (एकाच यंत्रावरच्या प्रोसेसना जोडणारे टोक) नेमस्पेस ओलांडून चालतो. जोडणीच्या मुद्द्याला उत्तर नाही, हे मान्य. पण सीग्रुप २००८ साली कर्नल २.६.२४ मध्ये आले, तेव्हाच्या पहिल्या आवृत्तीच्या काळातला नेट_सीएलएस हा गटाच्या पॅकेटांवर आकडा लावणारा कंट्रोलर २०१६ च्या ४.५ मध्ये अधिकृत झालेल्या दुसऱ्या आवृत्तीत घेतलाच नाही. कर्नल लिहिणाऱ्यांनाही ही गाठ नकोशी वाटली असावी.

पांझरा
हा निष्कर्ष घाईचा आहे. गेला तो आकड्याचा बिल्ला. दुसऱ्या आवृत्तीत फायरवॉल गटाची वाटच थेट ओळखते. गाठ राहिली, फक्त मारण्याची पद्धत बदलली.

मेहरूण
एवढा खटाटोप कशासाठी? कर्नल ४.१० पासून आयपी रूलला यूआयडी (वापरकर्त्याचा क्रमांक) रेंज देता येते. बॅकअपला स्वतंत्र वापरकर्ता द्या. यूआयडी रस्त्याच्या पहिल्याच शोधात विचारात घेतला जात असल्यामुळे पत्ताही बरोबर निवडला जातो. बॅकअप रूटने (सर्वाधिकारी वापरकर्त्याने) चालतो असे म्हणाल, तर त्या वापरकर्त्याच्या सेवेला फाइली वाचण्यापुरती कॅपॅबिलिटी (रूटच्या अधिकारांतला एक तुकडा) देता येते. रूटने चालवण्याची सवय हा वेगळाच आजार आहे.

तोरणमाळ
मूळ चूक गटाची नसून वेळेची आहे, असे मला वाटते. पॅकेट तयार झाल्यावर मार्क लावला तर ठिगळे लागणारच. दुसऱ्या आवृत्तीच्या सीग्रुपला ईबीपीएफचा (कर्नलच्या आत चालणारा) छोटा प्रोग्राम जोडता येतो, जो सॉकेट, म्हणजे प्रोसेसचे नेटवर्कशी बोलण्याचे टोक, जन्मतानाच त्याच्यावर मार्क ठेवतो. मग कनेक्टच्या शोधाला तो मार्क दिसतो आणि पत्ता केबलचाच निवडला जातो. आयपी व्हीआरएफ एक्झेक ही आज्ञा आतून जवळपास हेच करते, फक्त मार्कऐवजी सॉकेट व्हीआरएफच्या (स्वतःचा रूटिंग टेबल असलेल्या आभासी) डिव्हाइसला बांधते. पत्ता बरोबर आला की केबलच्या पत्त्यावरून निघणाऱ्या पॅकेटांना केबलचा टेबल देणारा एक फ्रॉम नियम लिहा, म्हणजे कडक आरपी_फिल्टरही अडवणार नाही, कारण त्याची उलटी तपासणी आपल्या पत्त्याला उगम धरूनच होते. मास्करेडमध्ये परतीच्या पॅकेटातला तो पत्ता तपासणीआधीच बदलून फायबरचा झालेला असतो, म्हणून तुमची पॅकेटे पडली. एक पथ्य मात्र पाळा, प्रोसेस गटातच सुरू करा. आधी उघडलेला सॉकेट नंतर गटात येऊन मार्क मिळवत नाही.

सुकीकाठ
काल रात्री हे करून पाहिले. टीसीपीडम्पमध्ये उगम १९२.१६८.२.१० दिसला, आरपी_फिल्टर १ वरच ठेवला आणि मास्करेडची ओळ पुसून टाकली. केबलची जोडणी बॅकअपपुरती कोंडून ठेवण्याचा आग्रह मी मागे घेतो. मेहरूण यांचा उपाय सोपा आहे, पण आमचे दोन जुने कार्यक्रम स्वतःच वापरकर्ता बदलतात, तिथे तो टिकणार नाही. नेमस्पेस मी एकाच ठिकाणी ठेवणार आहे: कॅमेरे बसवणाऱ्याने सर्व्हरवर टाकून दिलेल्या सॉफ्टवेअरसाठी, कारण त्याला हिशेबाच्या डेटाबेसचा पत्तादेखील कळता कामा नये.