अकोला, वरचा मजला: दीड टनी एसी बसवायला खरा खर्च किती?

अकोलेकर:
तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर फ्लॅट आहे. बेडरूम १२ × १४ फूट, पश्चिमेला एक खिडकी, डोक्यावर उघडा स्लॅब. आतापर्यंत कुलरवर भागत होतं. यंदा वडिलांच्या तब्येतीमुळे त्या एका खोलीत स्प्लिट एसी बसवायचा आहे. दुकानातून मिळालेला हिशेब असा: दीड टन इन्व्हर्टर तीन स्टार ३६,५००, पाच स्टार ४४,०००. बसवणी १,५००, स्टँड ९००, भिंतीला भोक ५००, जादा तांब्याचा पाइप ४ मीटर (९५० प्रमाणे) ३,८००, स्टॅबिलायझर २,८००. वायरिंगचं "नंतर बघू" म्हणाले. बाहेरचं युनिट गच्चीवर ठेवायचं म्हणतात. उत्तरेला छोटी बाल्कनीही आहे. प्रश्न तीन: आपल्याकडच्या उन्हाला दोन टन घ्यावा का? पाच स्टारचे जादा पैसे निघतात का? आणि यातलं काय टाळता येईल?

तांब्याची नळी:
गच्ची नको, बाल्कनीच घ्या. एसीची क्षमता मोजतात ती बाहेर ३५ अंश धरून. मे महिन्यात सावलीत ४५ असतं तेव्हा तापलेल्या गच्चीवरच्या युनिटला त्याहून गरम हवा ओढावी लागते. मग थंडावा घटतो, वीज वाढते आणि प्रेशर फार चढलं की कॉम्प्रेसर ऐन दुपारी बंद पडतो. लोकांना वाटतं गॅस कमी झाला, आणि विनाकारण गॅस भरून घेतात. उत्तरेच्या बाल्कनीत मागे निदान एक वीत जागा सोडा आणि पुढचं तोंड पूर्ण मोकळं ठेवा. ग्रिलला प्लास्टिकचा पत्रा किंवा हिरवी जाळी असेल तर काढावी लागेल, नाहीतर फेकलेली गरम हवाच परत आत ओढली जाते.

शिवाय बाल्कनीपर्यंत बहुधा डब्यातल्या ३ मीटर पाइपात काम होईल. म्हणजे ३,८०० वाचले. पाइप आखूड करायला मात्र सांगू नका. कंपनीने दिलेल्या किमान लांबीपेक्षा कमी केला तर आवाज आणि थरथर वाढते. पाइप जादा घ्यावाच लागला तर तो तांब्याचाच आहे ना ते कापलेल्या टोकाला पाहा. जाडी ०.८ मिमी हवी. दोन्ही नळ्यांवर वेगवेगळं इन्सुलेशन हवं आणि उन्हात येणारा भाग पीव्हीसी पाइपात घाला. काळा फोम विदर्भाच्या उन्हात लवकर भुगा होतो.

आता ज्यावर कुणी बोलत नाही ते. जोडणी झाल्यावर व्हॅक्यूम पंप लावलाच पाहिजे. बरेच जण बाहेरच्या युनिटमधला थोडा गॅस सोडून नळीतली हवा "उडवतात". त्याने हवा आणि ओल पूर्ण जात नाही. आर-३२ (आजच्या बहुतेक एसीतला थंडाव्याचा गॅस) च्या मशिनमधलं तेल ओल शोषतं, त्यातून आम्ल तयार होतं आणि कॉम्प्रेसर आतून खराब होत जातो. वर हा गॅस सौम्य ज्वलनशील आहे. पंप निदान २० मिनिटं चालवा, नळीतला दाब ५०० मायक्रॉनच्या (निर्वात मोजायचं एकक; जितकं कमी तितकी नळी रिकामी) खाली उतरवा, मग पंप बंद करून १० मिनिटं काटा पाहा. काटा चढत राहिला तर कुठेतरी गळती आहे किंवा ओल उरली आहे. गळती बहुतेक वेळा फ्लेअर नटलाच सापडते: फ्लेअर, म्हणजे जोडासाठी पसरवलेलं नळीचं तोंड, वाकडा झालेला असतो किंवा नट अंदाजाने आवळलेला असतो. पाव इंची नटाला साधारण १४ ते १८ आणि अर्धा इंचीला ५० ते ६० न्यूटन-मीटर एवढाच जोर लागतो, त्यामुळे टॉर्क पाना (ठरवलेल्या जोरानेच आवळणारा पाना) असलेला माणूस शोधा. बसवणीचे दोनेकशे रुपये जास्त गेले तरी चालतील, पण "पंप आणणार का?" हे आधी विचारा.

आणखी एक, खास कोरड्या हवेतलं. एप्रिलमध्ये बसवलेल्या एसीतून पाणी जवळजवळ निघतच नाही, म्हणून ड्रेनचा उतार चुकलेला कळत नाही. जुलैत हवा दमट झाली की भिंतीवर ओघळ येतात. बसवणारा समोर असतानाच आतल्या ट्रेमध्ये लिटरभर पाणी हळूहळू ओता आणि बाहेर सगळं येतं का पाहा.

फेज-न्यूट्रल:
वायरिंग "नंतर बघू" नको, तो पहिला खर्च आहे. दीड टनी मशीन भर उन्हात ७ ते ९ अँपिअर सतत, तासन् तास ओढतं. बेडरूमच्या जुन्या पॉइंटवर जोडलं तर सॉकेट तपकिरी पडतं, पिना वितळतात. मुख्य बोर्डापासून वेगळी लाइन ओढा: ४ चौरस मिमी तांब्याची वायर फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग तिन्हींना. बोर्डात २० अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा, पण मशीन सुरू होतानाच्या झटक्याला न पडणारा खटका) आणि एसीजवळ पत्र्याचा एसी बॉक्स. बोर्ड १०-१२ मीटरवर असेल तर मजुरीसकट पाच-सहा हजार धरा. अर्थिंग तपासून घ्या; मे महिन्यात जमीन सुकते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की त्याचा रोध वाढतो. खड्ड्यात पाणी घालायला सोसायटीला सांगा.

महावितरणच्या बिलावर मंजूर भार पाहा. तो २ किलोवॉटच्या आसपास असेल तर गीझर आणि एसी मिळून ओलांडाल. आधीच वाढवून घ्या.

स्टॅबिलायझर: मशीन किती व्होल्टेजपर्यंत चालतं ते माहितीपत्रकात असतं. रात्री ९-१० वाजता, आसपासचे सगळे एसी चालू असताना, मीटरने व्होल्टेज मोजा. १८० च्या वर टिकत असेल आणि मशिनची मर्यादा १४५-१५० असेल, तर कमी व्होल्टेजसाठी गरज नाही. मात्र तुमच्या लाइनवर न्यूट्रल तुटण्याचे प्रकार होत असतील तर हाय-कट (व्होल्टेज फार चढलं की वीज तोडणारा) असलेला स्टॅबिलायझर घ्या. त्या वेळी घरात ३०० व्होल्टच्या वर येऊ शकतात आणि इन्व्हर्टर एसीचं सर्किट बोर्ड जळलं की दुरुस्ती फार महागात पडते.

चुनखडी:
दोन टन नको. पैसे स्लॅबवर घाला.

तुमची खोली १६८ चौरस फूट, म्हणजे साडेपंधरा चौरस मीटर. उघडा काँक्रीट स्लॅब मे महिन्यात वरून ६० अंशांच्या पुढे जातो. ढोबळ हिशेबाने नुसत्या छतातून दीड-दोन किलोवॉट उष्णता खाली येते, म्हणजे अर्धा टन एसी फक्त छताशी झुंजण्यात जातो. ही उष्णता काही तासांनी खाली पोचते, म्हणून रात्री नऊलाही छताला हात लावला तर गरम लागतं. सोसायटीची परवानगी काढून मार्चच्या आत गच्ची घासून धुवा आणि पांढऱ्या कूल-रूफ रंगाचे दोन हात द्या. खोलीच्या कडेपलीकडे मीटरभर रंगवा. बजेट नसेल तर चुन्यात फेविकॉल घालूनही चालतं, फक्त पावसाने धुपतो म्हणून दरवर्षी करावं लागतं. पश्चिमेच्या खिडकीला पडदा आतून नको, बाहेरून चटई किंवा छज्जा हवा. एवढं केलं तर दीड टन या खोलीला नीट पुरतो.

पाच स्टारबद्दल: लेबलवरचे वार्षिक युनिट १,६०० तासांचे असतात. दोन्ही लेबलांत २०० युनिटचा फरक असेल आणि वीजदराच्या वरच्या टप्प्यात युनिट १४ रुपयांना पडत असेल, तर वर्षाला २,८०० वाचतात. दिवसाला दहा तास एप्रिल ते जून मध्यापर्यंतच चालवणार असाल तर वापर त्याच्या निम्म्यावर येतो आणि पाच स्टारचे जादा ७,५०० निघायला साधारण साडेपाच वर्षं लागतात. वडिलांसाठी दिवसरात्र चालणार असेल तर पाच स्टारच घ्या.

अकोलेकर:
सगळ्यांचे आभार. बाल्कनी आणि वेगळी लाइन नक्की. एकच शंका: कुलर आणि एसी एकाच खोलीत सोबत चालवला तर बिल कमी येतं असं शेजारी म्हणतात.

तांब्याची नळी:
नाही येत, भाऊ. कुलर खोलीतली उष्णता बाहेर टाकत नाही, बाष्पात बदलतो. तेच बाष्प एसीला पुन्हा पाणी करून काढावं लागतं, त्यात तेवढीच उष्णता. खिडकीतला कुलर तर बाहेरची गरम हवाही आत ढकलतो. कुलरला उघडी खिडकी लागते, एसीला बंद.

कुलर हॉलमध्ये ठेवा. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना चांगल्या पॅडचा कुलर २७-२८ अंशांची हवा देतो, तेही एसीच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याच्या विजेवर. जूनच्या उत्तरार्धात हवा दमट झाली की त्याचा उपयोग संपतो. बेडरूममध्ये एसी २६ वर, पंखा हळू. वडिलांना घसा कोरडा वाटत असेल तर हवेचा झोत थेट अंगावर येऊ देऊ नका. आणि लू सुरू झाली की फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवा, धुळीने तो फार लवकर बुजतो.