‘पुट’चे अर्थ तरी किती?

खानापूरहून: लेकीची यंदा एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकातली दहावी, मराठी माध्यम. इंग्रजीत ‘पुट’ म्हणजे ठेवणं, एवढंच आम्ही शिकलेलो. आता ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढं ढकलणं, ‘पुट आऊट’ म्हणजे विझवणं, ‘पुट अप विथ’ म्हणजे सोसणं! पाठ करून पोरगी दमली बघा. काही युक्ती आहे काय?

निपाणीचा निवृत्त मास्तर: याद्या पाठ करू नका, ताई. घरातली वाक्यं करा: चूल विझवली, लग्न पुढं ढकललं. खरी गोम जागेची आहे. ‘पुट इट ऑफ’ चालतं, ‘पुट ऑफ इट’ नाही. सर्वनाम मध्येच बसतं. नाम मध्ये घाला नाहीतर शेवटी, दोन्ही चालतं. ‘पुट अप विथ’ मात्र फुटत नाही, तिथं ‘इट’ शेवटीच. पोरं इथंच घसरतात.

टिळकवाडी: आपलं ‘मारणे’ बघा की! हाक मारतो, दांडी मारतो, थापा मारतो, आणि मार कुणालाच नाही. कन्नड शेजारी मला यावरूनच भंडावतात.

खानापूरहून: सर, ‘पुट ऑन’ फुटतं काय? स्वेटर घातला म्हणायचंय.

मास्तर: फुटतं. ‘पुट इट ऑन’. पण ‘पुट ऑन वेट’ म्हणजे वजन वाढणं, हं!